तिसऱ्या बाकावरची आजी गाते का? : चर्चच्या गायनमंडळात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला एक आजी बसते. वय ऐंशीच्या पुढे. हातात वही नाही, चष्मा डबीत. मी पेटीवर बसायला लागलो त्या वर्षी एका रविवारी मिस्सा (आमची रविवारची उपासना) सुटल्यावर तिने मला पायरीवर गाठलं आणि म्हणाली, "बाबा, वायंच खाली घे रे. माजो आवाज थंय पोचणा नाय." त्या दिवशी प्रवेशगीत मी काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून, लावलं होतं. का, तर माझ्या गळ्याला ती पट्टी बरी वाटत होती. माझं गाणं छान झालं, आणि अख्खं चर्च तोंड मिटून ऐकत बसलं. तेव्हापासून पेटीवरून मी आधी तिच्याकडे बघतो. तिचे ओठ हलत असले तर गाणं ठीक चाललंय.

"गायनमंडळात यायचंय, काय करू?" असं विचारणारे वर्षाला दोन-चार तरी असतात. बदली होऊन आलेले शिक्षक, बँकवाले, लग्न होऊन आलेल्या सुना, दहावी संपलेली मुलं. दरवेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. मी सिंधुदुर्गातल्या एका लहान कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) वाजवतो, त्यामुळे मिस्साबद्दल जास्त बोलेन. प्रोटेस्टंट मंडळीत गाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. जिथं रीत वेगळी आहे तिथं सांगतो.

आधी चार रविवार बाकावर बसा

माईकजवळ नको, मागे बसा. एक चिठ्ठी आणि पेन घ्या. लोक वही न उघडता कुठली गाणी म्हणतात ते टिपा. आमच्याकडे अशी पंधरा-सोळा निघाली. ही गावाची शिल्लक. नवीन माणसाने पहिलं वर्षभर यातलीच गाणी पक्की करावीत.

दुसरं टिपायचं ते वळण. रेकॉर्डिंगमध्ये ओळ जिथं वर चढते तिथं आमची माणसं सरळ निघून जातात, आणि धृपदाच्या शेवटी एक हेलकावा घेतात जो कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. नव्याने आलेला हौशी माणूस पहिल्याच सरावाला सांगतो, "हे चुकीचं गाताय." नका सांगू. चाळीस वर्षं शंभर माणसं जी चाल म्हणतात ती त्या गावापुरती बरोबरच असते. तुमच्या मनातली शुद्ध चाल घरी गुणगुणा.

आमच्या जिल्ह्यात डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, वेड किती ते सांगायला नको. रात्र रात्र दोन बुवा समोरासमोर, माणसं दाद देतायत, पखवाज तापलाय. मलाही आवडते, जवळपास असली की चुकवत नाही. पण डबलबारीत बुवा गातो आणि लोक ऐकायला जमतात. मिस्साला लोक गायला जमतात, आणि गायनमंडळ त्यांना हात द्यायला असतं. हा फरक डोक्यात बसला की पुढची निम्मी भांडणं आपोआप मिटतात. एकल आलाप, तीन तिहाया, मध्येच पट्टी चढवणं, हे सगळं येत असलं तरी खिशात ठेवा.

मिस्साचा सांगाडा पाठ करा

गाणी दोन जातीची. काही गाणी म्हणजेच उपासना, काही उपासनेसोबत चालतात. 'हे प्रभो दया कर', गौरवगीत, स्तोत्राचा प्रतिसाद, आल्लेलुया, 'पवित्र, पवित्र, पवित्र', 'देवाच्या कोकरा' ही पहिल्या जातीची. यांचे शब्द ठरलेले. गौरवगीताच्या जागी त्याच अर्थाचं दुसरं छान गाणं घातलं तर चालत नाही, आणि वाचनानंतरच्या स्तोत्राच्या जागी भक्तिगीत घातलेलंही चालत नाही. प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळचं गीत आणि समारोपगीत ही दुसऱ्या जातीची. इथं निवडीला जागा आहे.

नवशिके उलटं करतात. ख्रिस्तप्रसादाच्या गाण्यावर तीन आठवडे घाम गाळतात आणि 'पवित्र, पवित्र' कसंबसं पुटपुटतात. वेळ कमी असेल तर आधी लहान उत्तरं बसवा. 'आमेन' नीट गाता आलं पाहिजे. लोकांच्या तोंडी तेच सर्वांत जास्त वेळा येतं.

सोबतच्या गाण्यांना घड्याळ नसतं, कृती असते. फादर वेदीपाशी पोचून नमन करून आसनापाशी आले की प्रवेशगीत आवरतं घ्या, मग चौथं कडवं राहिलं तरी राहू दे. फादर स्वतः ख्रिस्तप्रसाद घेतात तेव्हाच त्या वेळचं गीत सुरू व्हायला हवं. रांग लागेपर्यंत थांबू नका. रांगेतल्या माणसाच्या हातात वही नसते, म्हणून इथं धृपद लहान आणि पाठ असलेलं हवं. कडवी मंडळाने म्हणायची, धृपद चालता चालता सगळ्यांनी.

धृपदाची ही युक्ती फार जुनी. स्तोत्रसंहितेतलं १३६वं स्तोत्र काढून बघा. सव्वीस ओळी, आणि प्रत्येक ओळीचा उत्तरार्ध तोच. ज्याच्याकडे पोथी नव्हती, ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही दुसऱ्या ओळीपासून गाता यायचं. मिस्सातलं स्तोत्र याच पद्धतीने चालवा. प्रतिसादाची ओळ एकट्याने एकदा म्हणा, लोकांकडून एकदा म्हणवून घ्या, मग कडवं. प्रतिसाद आला की हात थोडा वर करा आणि स्वतः माईकपासून मागे सरका. हे मागे सरकणं महत्त्वाचं. स्पीकरमधून तुमचाच आवाज येत राहिला तर लोकांना वाटतं आपली गरज नाही.

प्रोटेस्टंट मंडळीत सांगाडा वेगळा असतो. फळ्यावर क्रमांक लागतात, मंडळी उभी राहते, आणि चार-पाच गीतांवर सगळी उपासना तोललेली असते. तिथं प्रवचनाआधीचं गीत नीट निवडा. पाळक साहेबांना शुक्रवारीच विचारा कुठल्या वचनावर बोलणार आहेत. रविवारी सकाळी विचारलंत तर मनासारखं गीत सापडायला वेळ उरत नाही.

पट्टी: इथं जरा थांबा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा पट्टीच्या असतात. उपाय अवघड नाही. गाण्यातला सर्वांत वरचा स्वर शोधा. तो पेटीवर वरच्या पांढरी दोनच्या पुढे जाता कामा नये, फार तर काळी दोन. त्याच्यावर सकाळी साडेसात वाजता, चहासुद्धा न घेतलेली माणसं पोचत नाहीत.

आता हिशेब करा. गाणं तार षड्जापर्यंतच (वरच्या सा पर्यंत) जात असेल तर सा पांढरी दोनला लावता येतो. तार ऋषभ (वरचा रे) लागत असेल तर पांढरी एक. तार गंधार (वरचा ग) लागत असेल तर खाली काळी पाचवर या. तिथून शुद्ध गंधार बरोबर पांढरी दोनवर पडतो. पण काळी पाचवर सा घेतल्यावर गाणं खाली मंद्र पंचमातही (खालच्या प मध्ये) शिरत असेल तर बायकांचा आवाज तिथं विरतो. इतका पसारा असलेलं गाणं समूहाचं नाही. चांगलं गाणं असेल, एकट्याने ध्यानाच्या वेळी म्हणा.

पट्टी ठरली की वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहून ठेवा: 'पां. १, केहरवा'. पेन्सिलीने लिहा, कारण पावसाळ्यात गळे बसले की अर्धा स्वर आणखी खाली जावं लागतं.

कीबोर्ड असेल तर आणखी एक सांगतो. ट्रान्सपोजचं बटण आधी शून्यावर आहे का बघा. शनिवारी कुणीतरी लग्नात वाजवून तीन अंश चढवून ठेवतो, आणि रविवारी तुम्ही डोळे मिटून पांढरी एक दाबता. आमच्याकडे हे घडलंय. गौरवगीताच्या मध्यापर्यंत एकेक बाक गळत गेला आणि शेवटी मी आणि एक शाळकरी मुलगा असे दोघेच उरलो. आपोआप वाजणाऱ्या तालाचं बटण तर मी चिकटपट्टी लावून बंद केलंय. यंत्राला श्वास घ्यायचा नसतो, आजीला घ्यायचा असतो.

उचल आणि श्वास

सुरुवातीला पेटीवर धृपदाची शेवटची ओळ वाजवा. अख्खं धृपद नको, रंगीत मुखडा तर नकोच. लोकांना सा आणि लय कळली की पुरे. ओळ संपल्यावर एक श्वास सोडा आणि मग उचला. हा श्वास डोक्याच्या हालचालीत दिसला पाहिजे. मंडळातल्या सगळ्यांनी एकदम छाती भरली की मागच्या बाकालाही कळतं, आता.

दोन कडव्यांच्या मध्ये केहरवा असेल तर एक आवर्तन रिकामं ठेवा. आठ मात्रा फार वाटतात. वाटू देत. भजनी ठेक्याच्या नादात लय चढत जाते आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हातारी माणसं शब्द गिळायला लागतात. तबल्यावरच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, चढवू नकोस. तो ऐकणार नाही. दर रविवारी सांगा.

वहीत दोन वाटांची गाणी असतात

मराठी ख्रिस्ती वहीत देशी घडणीची पदं, अभंग, भजनं असतात आणि बाहेरून आलेल्या चालींवर बांधलेली गीतंही असतात. दोन्ही आपलीच, पण गाण्याची तऱ्हा वेगळी.

देशी वाट आपल्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट (येशूसंघाचे) फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि इथंच राहिले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. भाषा मात्र मराठी आणि छंद ओवीचा, सुमारे अकरा हजार ओव्या. ज्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती त्यांना ख्रिस्ताची कथा त्याच लयीत मिळाली. दुसरं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, म्हणजे कोकणचेच. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि त्यांची पदं गाताना ते जाणवतं. प्रोटेस्टंट मंडळीत चालणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीतं आहेत. कॅथलिकांकडे ही वाट रुंद झाली ती जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकांच्या गाण्याला उत्तेजन द्या असं सांगितलं, आणि मिशनच्या देशांमध्ये तिथल्या संगीतपरंपरेला मान द्या असंही. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये असे. पेटी-तबला घेऊन मराठीत गाताना हे कधीतरी आठवावं.

आता कामाचं. देशी चालीत शब्द ताणले तरी चालतात, ताना नकोत. बाहेरच्या चालीवरच्या मराठी गीतात भलत्याच अक्षरावर जोर पडायची भीती असते. 'देवाच्या' मधला 'च्या' चार मात्रा ओढला की शब्दाचा चेहरामोहरा जातो. म्हणून सरावात प्रत्येक ओळ आधी बोलून घ्या, बाजारात कुणाला सांगताय तशी. मग गा. जिथं अक्षर ओढावंच लागतं तिथं आवाज हलका करा, म्हणजे जोर योग्य अक्षरावर राहतो. दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या चालीत ढोलकी कमी वाजवा, नाहीतर ती लावणीकडे झुकते. हसू नका, झुकते.

वर्षाचं पंचांग

हे पाठ नसेल तर माझ्यासारखी फजिती होते. पहिल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दुसऱ्या रविवारी मी सवयीने आल्लेलुया उचलला. जोरात. एकही माणूस सोबत आला नाही. फादर शुभवर्तमान उघडून शांतपणे उभे राहिले. तेवढ्या शांततेत मला पेटीचा भाता स्वच्छ ऐकू आला.

तर लक्षात ठेवा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणापर्यंत आल्लेलुया नाही, त्याऐवजी दुसरा जयघोष असतो. आगमनकाळातल्या (नाताळच्या आधीच्या) आणि उपवासकाळातल्या रविवारी गौरवगीत नाही. उपवासकाळात वाद्यं गळ्याला आधार देण्यापुरतीच, नुसतं वादन नको. अपवाद चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी गौरवगीताला घंटा वाजतात आणि मग ईस्टरच्या जागरणातल्या गौरवगीतापर्यंत गप्प होतात.

जागरणाच्या रात्री अंधारात मेणबत्ती आत येते. 'ख्रिस्ताचा प्रकाश' तीनदा, आणि दरवेळी स्वर चढवायची जुनी पद्धत. पुढे आल्लेलुयाही तीनदा, प्रत्येक वेळी एकेक पायरी वर. पहिला उंच घेतलात तर तिसऱ्याला किंकाळी निघेल. फादरांना आधी भेटून पहिला स्वर ठरवून घ्या. आणि त्या रात्री हातातली मेणबत्ती पेटीच्या भात्यापासून लांब ठेवा. पट्ट्यांमधलं मेण टाचणीने काढायचं काम मी दोन वर्षं केलंय.

पावसाळा

जूनपासून पेटीच्या पट्ट्या फुगतात, एखादी खाली गेली की वर येत नाही, आतल्या सुरांच्या पात्यांना गंज चढतो. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका आणि जमिनीवर तर मुळीच नको. आम्ही लाकडी कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, पेटी आणि तबला दोन्ही त्यात. तबल्याची शाई ओलावली की ठोकून फायदा नाही, मिस्साआधी अर्धा तास उबेत ठेवा.

आणि वीज जाणार. गौरवगीताच्या मध्येच जाणार. तेव्हा थांबायचं नाही, गात राहायचं. खरं सांगायचं तर आमच्या चर्चमधलं सर्वांत चांगलं गाणं मी वीज गेलेल्या रविवारीच ऐकलंय. छपरावर पाऊस, माईक मेलेला, आणि माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू येतोय. म्हणून महिन्यातून एक सराव पेटीशिवाय घ्या.

चर्चबाहेरचं गाणं

मे महिन्यात वाडीवाडीच्या क्रुसाकडे लादीन असते. संध्याकाळी पणत्या, मेणबत्त्या, अबोलीच्या माळा, आणि शेवटी उकडलेले चणे. सांगणारा मारियामातेची एकेक उपाधी म्हणतो आणि लोक एकच उत्तर देतात. गोव्याकडे हे अजूनही लॅटिनमध्ये, व्हायोलिनसोबत ऐकायला मिळतं, 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. नवीन माणसाने इथं पुढे होऊ नये. प्रत्येक वाडीचा सांगणारा ठरलेला असतो, कधी कधी तीन पिढ्यांपासून. तुम्ही उत्तर द्या, जमलं तर खालचा दुसरा सूर धरा. गायला शिकायची ही सर्वांत चांगली जागा आहे, कारण इथं कुणी तुमच्याकडे बघत नसतं.

नाताळच्या कॅरलला जाताना वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि कुत्र्यांसाठी एक काठी. बाकी त्याबद्दल कुणाला शिकवावं लागत नाही.

मयताचं मात्र शिकावं लागतं. फोन कधीही येतो. तीन गाणी पूर्ण पाठ हवीत, सगळ्या कडव्यांसकट, कारण जुलैमध्ये छत्री धरून वही उघडता येत नाही आणि कागदाचा लगदा होतो. पेटी नेऊ नका. पट्टी नेहमीपेक्षा दोन स्वर खाली लावा. रडून बसलेला गळा वर जात नाही. चालता चालता गायचं असतं, तेव्हा लय खांदेकऱ्यांच्या पावलांना जुळवा आणि चढावर गाणं थांबवा. पुढचे आणि मागचे यांच्यात अर्धी ओळ अंतर पडतं. पडू द्या, मध्ये कुणीतरी दोघांना सांधून घेतो.

तिसरं गाणं म्हणायच्या आधी घरच्या कुणाला तरी हळूच विचारा, त्यांना कुठलं आवडायचं. उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं, आणि ते गाणं तुमच्या यादीत नसतं. अशा वेळी पट्टी घरच्याच माणसाला लावू द्या. जिथून निघेल तिथून निघू दे. तुम्ही मागून धरा.